फाक्तुरा

रोसारिओत जुलैमध्ये थंडी पडते.
पहाटे तीनला आमच्या भट्टीची चिमणी
पाराना नदीच्या धुक्यात आणखी थोडं धुकं मिसळते.

इथल्या गोड पावांना म्हणतात फाक्तुरा. म्हणजे बिलं.
का, ते मला नासारेनोने सांगितलं,
लोणी थापता थापता, मान वर न करता:
कुण्या काळी संपावर गेलेल्या भटाऱ्यांनी
ठेवली म्हणे ही नावं, चिडवायला.
हा लांबट, तो पोलिसाचा दंडुका.
हा गोळा, मठातल्या बाबाचा.
ही पोकळ नळी मलईने भरलेली, ती तोफ.
‘सरकार, धर्म, सैन्य,’ तो म्हणाला,
‘सगळं कॉफीत बुडवून खातात लोक.
बिल मात्र अजून कुणी चुकतं केलेलं नाही.’

मालक बोन्फांती तिथेच होता. तोही दोनलाच उठतो,
त्याच्याही मनगटांवर ट्रेचे चटके.
हेच तर अवघड आहे.
ढेरपोट्या, सिगार ओढणारा असता
तर वाद केव्हाच संपला असता.

नासारेनोने टेबलावरच्या पिठात बोटाने आकडे काढले.
रात्रीचे सहाशे नग. मैदा इतका, गॅस इतका,
साखर, जागेचं भाडं. खाली रेघ.
‘पहिल्या दोन तासांत माझा पगार सुटतो.
उरलेले सहा तास मी कुणासाठी मळतो?’

बोन्फांतीने त्याच पिठात, समोरच्या बाजूने,
भट्टीचं कर्ज लिहिलं.
‘पाव खपो न खपो, शनिवारी तुझे पैसे तुझ्या हातात.
मला झोप नाही. ते सहा तास
माझ्या झोपेचं भाडं समज.’

‘मार्चात खप बसला,
तेव्हा घरी कोण बसलं? तू?’
(मालकालाही तो अरेतुरे करतो, तत्त्व म्हणून.)
‘भीती दोघांची. भाडं एकट्याला.’

‘मग जा ना. बांधून ठेवलंय का मी? दार उघडं आहे.’

‘उघडंच आहे. बाहेर दुसऱ्या कुणाची तरी भट्टी आहे.’

बराच वेळ नुसतं कणकेचं यंत्र घरघरत होतं.
मग मालकाने कमरेची किल्ली सोडली, पिठात ठेवली.
‘घे. महिनाभर तू चालव. कुणी कुणाचा मालक नाही.
मी मळीन, तू सांगशील तितकं.
फक्त सांग, पहिल्या आठवड्यात
मैदा उधार कोण देतो तुला.’

नासारेनोने किल्ली उचलली नाही.
परतही सरकवली नाही.
‘मैदा भरणाराही कुणाचा तरी नोकरच असेल,’
तो म्हणाला, पण हळू.

मी दारात बादली घेऊन उभी.
सहाशे नगांचे ट्रे मी घासते. फरशी, काच, संडास.
सहाला काउंटर उघडते, तेही मीच.
मला रोजचे मोजून मिळतात,
वर तुटलेले पाव घरी न्यायची मुभा.

पिठातला हिशेब मी दोनदा वाचला,
एकदा इकडून, एकदा मालकाच्या बाजूने.
मैदा होता, गॅस होता, झोपसुद्धा होती.
सुल्मा कुठेच नव्हती.

मळेल त्याचा पाव. बरं, नासारेनो.
आणि पुसेल तिचं काय?

विचारलं नाही. पाच वाजत आले होते,
दुसऱ्या घाण्याला टेबल लागणार होतं.
ओलं फडकं फिरवलं. आधी कर्ज गेलं,
मग सहा तास.
किल्ली झटकून खिळ्याला अडकवली,
माझाही हात पोचेल अशा.

मग ट्रेमधला एक दंडुका,
सोनेरी, अखंड, अजून गरम,
दोघांच्या देखत मधोमध मोडला
आणि पिशवीत टाकला.
‘तुटलाय,’ म्हटलं.

बोन्फांतीने तोंड उघडलं, मिटलं.
नासारेनो हसला,
मग हसायचा थांबला.